गारठलेला उंदीर शहाणा की आजारी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया परवाच वाचली होती. लगेच उत्तर दिलं नाही, कारण तिच्यातला एक मुद्दा मला जुन्या वह्या काढून तपासायचा होता. तो तपासला. तिथे तुम्ही बरोबर आहात आणि मी चुकले. त्याबद्दल आधी बोलते, मग बाकीचं.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सल्फोलेन नावाच्या औद्योगिक द्रावकाचा डोस दिल्यावर उंदरांच्या शरीराचं तापमान उतरतं आणि अशा वेळी ते आपणहून थंड जागा शोधतात, असं मी लिहिलं होतं. शीर्षकात 'शहाणपण' हा शब्द वापरला होता. तुम्ही औषधशास्त्र शिकवता, आणि तुमचे आक्षेप असे आहेत: तापमान आणि चयापचयाचं माझं गणित चुकलं, विषानं गारठलेल्या प्राण्याला शहाणा म्हणणं ही विषाचीच वकिली झाली, टोचून दिलेल्या मोठ्या डोसचा माणसाच्या आयुष्याशी संबंध नाही, आणि आजारी प्राण्याला ऊब देऊ नका असा अर्थ माझ्या लेखातून निघतो, तो घातक आहे. शेवटी तुम्ही विचारलंत, की मुळात हे प्रयोग करायचेच कशाला?

आधी गणित. 'तापमान पाच अंशांनी उतरलं की चयापचय निम्मा होतो' असं मी लिहिलं होतं. ते चूक आहे. दहा अंशांनी उतरलं तर चयापचय साधारण निम्म्यावर किंवा एक तृतीयांशावर येतो. पाच अंशांसाठी हिशोब केला तर घट 30 ते 40 टक्क्यांच्या आसपास भरते. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. पाच अंशांत एवढी घटसुद्धा लहानसहान नाही, पण आकडा चुकला तो चुकलाच. तुम्ही लक्षात आणून दिलंत याबद्दल मनापासून आभार.

आता मुख्य मुद्दा. तुमचं म्हणणं असं, की तापमान उतरणं म्हणजे यंत्रणा कोलमडणं. विष मेंदूत शिरलं, हायपोथॅलॅमसचा (मेंदूतल्या, शरीराचं तापमान सांभाळणाऱ्या भागाचा) ताबा सुटला, शरीर गार पडलं, संपलं. वरवर पाहता हेच बरोबर वाटतं. मलाही शिकताना असंच वाटायचं. पण प्राणी गार पडला एवढ्यावरून तो का गार पडला हे कळत नाही. निदान तीन शक्यता असतात. एक, शरीराची भट्टीच विझली: स्नायू कापत नाहीत, खांद्यांच्या मधली तपकिरी चरबी जळत नाही, मेंदू 'ऊब कर' म्हणून ओरडतोय आणि कोणी ऐकत नाही. दुसरी, मेंदूनंच ठरवलेला आकडा खाली सरकला. 37 ऐवजी आता त्याला 34 हवेत आणि तो शरीराला तिकडे नेतोय. तिसरी शक्यता तुमच्या विषयातली आहे: आकडा तोच राहिला, पण त्याची पकड सैल झाली. भूल दिलेल्या माणसात हेच होतं. जागेपणी आपलं शरीर अर्ध्या अंशाचाही फरक खपवून घेत नाही. पूर्ण भुलेखाली दोन ते चार अंशांपर्यंत घसरण झाली तरी ते कापत नाही की त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळत नाही. ईथर आणि क्लोरोफॉर्म ही दोन्ही द्रावकंच, 1846 आणि 1847 साली ती शस्त्रक्रियेच्या खोलीत आली, त्यामुळे द्रावकाची बाधा म्हणजे अर्धवट भूल असा तुमचा अंदाज मुळीच वावगा नाही.

या तिन्हींपैकी काय घडतंय हे थर्मामीटर सांगू शकत नाही. त्यासाठी प्राण्यालाच विचारावं लागतं, आणि विचारायची एक पद्धत आहे.

विद्यार्थी असताना मी एका लांब धातूच्या पन्हळीसमोर बसून तासन् तास घालवले आहेत. पन्हळीचं एक टोक गरम केलेलं, दुसरं टोक गार पाण्याच्या नळ्यांनी थंड ठेवलेलं, मध्ये हळूहळू उतरत जाणारं तापमान. वर काचेचं झाकण. साधा, धडधाकट उंदीर आत सोडला की तो आधी दोन्ही टोकांपर्यंत धावून येतो, मिशांनी कडा चाचपतो, लेंड्या टाकतो, आणि अर्ध्या-पाऊण तासानं 30 अंशांच्या आसपासची जागा धरून शेपटी अंगाखाली घेऊन गोळा होतो. अल्कोहोलचा मध्यम डोस दिलेला उंदीर वेगळा वागतो. त्याचं अंग गार पडायला लागलेलं असतं. भट्टी विझली असती आणि मेंदूला अजून 37 च हवे असते, तर त्यानं गरम टोकाकडे धाव घ्यायला हवी होती. पकड सैल झाली असती तर तो जिथे असेल तिथे पडून राहिला असता. तो थंड बाजूला सरकतो. पाय थोडे लटपटत असतात, मागचा भाग डुलतो, तरी तो सरकतो आणि तिथे पोट टेकवून पसरून झोपतो. गोळा होत नाही. गोळा होणं म्हणजे ऊब राखणं आणि पसरणं म्हणजे ऊब सोडणं, हे उंदीर पाळणाऱ्या कोणालाही माहीत असतं. गार पडत चाललेला प्राणी ऊब सोडण्यासाठी पसरलेला मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा वहीत नोंद करायची विसरले होते.

सल्फोलेनच्या बाबतीत हेच काम 1980 च्या दशकात अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेत क्रिस्तोफर गॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. डोस दिलेल्या उंदरांचा चयापचय उतरला, तापमान उतरलं, आणि निवड करायची मुभा मिळताच त्यांनी नेहमीपेक्षा थंड जागा निवडली. म्हणजे शरीराची आतली यंत्रणा आणि प्राण्याचं वागणं दोन्ही एकाच दिशेला चाललेली होती. नुसत्या मोडतोडीत असा मेळ बसत नाही.

तरीही शंका राहत असेल तर गोल्डफिशचं उदाहरण घ्या, कारण मला स्वतःला ते सगळ्यात पटलं. या माशाला भट्टीच नसते. ज्या पाण्यात तो असतो तेच त्याचं तापमान. त्यामुळे 'भट्टी विझली' हा खुलासा तिथे लागूच होत नाही. पण गरम आणि गार पाण्यात ये-जा करायची सोय असलेल्या टाकीत गोल्डफिशला अल्कोहोलमिश्रित पाणी दिलं, की तोही गार पाण्याकडे वळतो. माशानं गार पाणी निवडलं ते निवडलंच, दुसरं काही म्हणायला जागा नाही. याच्या उलट बाजूचा पुरावा 1970 च्या दशकात मिळाला होता: जिवाणूंची बाधा झालेल्या वाळवंटी इग्वाना सरड्यानं उष्ण जागा धरून स्वतःला ताप आणला, आणि ज्यांना उष्ण जागा मिळाली नाही ते जास्त मेले. त्याआधी तापालाही अनेक जण निव्वळ बिघाडच समजत होते.

आता तुमच्या बाजूनं जे म्हणायला हवं ते म्हणते. डोस वाढवत नेला की हे चित्र विस्कटतं. प्राण्याला उभं राहता येत नाही, निवड करायची ताकदच उरत नाही, आणि मग खोली थंड असेल तर तो गारठूनच मरतो. तिथे शहाणपण वगैरे काही नाही, तिथे तुम्ही म्हणता तसं कोलमडणंच आहे. मध्यम डोस आणि प्राणघातक डोस यांच्यातली ही सीमा माझ्या लेखात स्पष्ट यायला हवी होती. मी सगळ्याला एकच शब्द लावला. शीर्षकातला 'शहाणपण' काढला आहे. पण 'निवड' हा शब्द मी ठेवते, कारण तो पन्हळीत डोळ्यांनी दिसतो.

गार होऊन फायदा काय, हा यापुढचा प्रश्न. तापमान उतरलं की रासायनिक क्रिया मंदावतात. ज्या द्रावकाचं रूपांतर यकृतात आणखी विषारी पदार्थात होतं, त्याचं ते रूपांतर मंदावतं. पेशींची ऑक्सिजनची गरज उतरते, आणि श्वास मंद झालेल्या प्राण्याला ही सवलत फार मोलाची असते. याची दुसरी बाजूही आहे: विष बाहेर टाकण्याचं कामही मंदावतं, त्यामुळे गार प्राण्यात ते जास्त वेळ रेंगाळतं. कोणत्या विषात कोणतं पारडं जड हे बघावंच लागतं. सल्फोलेनच्या बाबतीत पारडं कुठे झुकलं ते त्याच प्रयोगांत दिसलं: 35 अंशांच्या उबेत ठेवलेल्या उंदरांना गार होता आलं नाही, आणि थंड खोलीतल्या उंदरांपेक्षा त्यांच्यासाठी तेच द्रावक जास्त जीवघेणं ठरलं.

माझ्या एका अनुभवामुळे हा मुद्दा माझ्यासाठी कागदावरचा राहिलेला नाही. मी जिथे काम करत होते तिथल्या ॲनिमल हाउसचा एसी एका शनिवारी बंद पडला. सोमवारी सकाळी दार उघडलं तर आतली हवा अंगावर आली. भिंतीवरचा काटा 34 वर. त्या खोलीत द्रावकाचा डोस दिलेले माझे उंदीर होते, शेजारच्या चालू एसीच्या खोलीत त्याच बाटलीतला तोच डोस दिलेले माझ्या मैत्रिणीचे उंदीर होते. तिचे सुस्त पण जिवंत होते. माझ्या पिंजऱ्यांतला भुसा ओला झाला होता. उंदराला आपल्यासारखा घाम येत नाही, उकडलं की तो लाळेनं अंग चाटतो. त्यांनी चाटून चाटून अंग भिजवलं होतं, आणि बरेचसे मेले होते. 'प्रयोग बिघडला, नोंदी फेकून दे' असं मला सांगण्यात आलं. मी फेकल्या नाहीत. आजही त्या वहीचं पहिलं पान उघडलं की मला अपराधी वाटतं, कारण खोलीचं तापमान लिहायला त्या पानावर रकानाच नव्हता.

हा रकाना का हवा ते जरा विस्तारानं सांगते. आपण 22 अंशांची खोली छान समजतो, आणि प्रयोगशाळा बहुधा 20 ते 24 अंशांवर ठेवतात. ती सोय अंगभर कपडे घातलेल्या माणसाची आहे. लहान उंदराला न कापता, चरबी न जाळता आराम वाटतो तो 30 अंशांच्या आसपास. 22 अंशांत फक्त ऊब राखण्यापायी त्याचा एकूण ऊर्जेचा खर्च जवळपास दीडपट ते दुप्पट होतो. म्हणजे कोणताही डोस देण्याआधीच त्याची भट्टी भडकलेली असते. तिच्यावर पाणी पडलं, की तो दाणकन गार होतो. तेच द्रावक, तोच डोस, तीच उंदरांची जात, पण 22, 30 आणि 35 अंशांच्या खोलीत तीन वेगळी उत्तरं येतात. सल्फोलेनचा निम्मे उंदीर मारणारा तोंडावाटे डोस किलोमागे सुमारे 2 ग्रॅम असा सांगितला जातो. अशा प्रत्येक आकड्यात खोलीचं तापमान लपलेलं असतं. ते लिहिलेलं नसेल तर आकडा अर्धाच आहे. त्यात गुदमार्गी प्रोब (तापमान मोजायची बारीक कांडी) घालायला उंदराला नुसतं धरलं तरी भीतीनं त्याचं तापमान दहा-पंधरा मिनिटांत एखाद्या अंशानं चढू शकतं. त्यामुळे हातात धरून घेतलेल्या जुन्या नोंदी वाचताना मी सावध असते. आता पोटात बसवलेल्या लहान ट्रान्समीटरवरून दूर बसून मोजता येतं, ते बरं झालं.

यावरूनच तुमच्या 'माणसाशी संबंध नाही' या आक्षेपाकडे येते. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे अगदी मान्य. पण तो नेमका कुठे वेगळा आहे ते बघा. 25 ग्रॅमचा उंदीर आणि 70 किलोचा माणूस घेतला, तर वजनात 2800 पटींचा फरक. आकार सारखाच धरला, तर उंदराच्या दर ग्रॅममागे माणसाच्या चौदापट त्वचा हवेला लागलेली असते. म्हणून उंदीर अर्ध्या तासात काही अंश गार होऊ शकतो. माणूस होत नाही. त्याच्या शरीरात साठलेली ऊब काढायला कित्येक तास लागतात. म्हणजे उंदराला विषाच्या पहिल्या तडाख्यात जी ढाल मिळते, ती माणसाला मिळत नाही. थंड खोलीतल्या उंदरावरून काढलेला 'सुरक्षित' आकडा माणसाला जशाच्या तसा लावला, तर चूक माणसाच्या जिवावर बेतणाऱ्या बाजूला होण्याची शक्यता आहे. ही विषाची वकिली आहे असं तुम्ही म्हणालात, ते मला लागलं. कारण मी नेमकं उलट म्हणत होते: तापमानाचा विचार केला तर मर्यादा ढिल्या करायला आधार मिळत नाही, कडक करायला मिळतो.

कामाच्या जागी तर हे आणखी स्पष्ट दिसतं. उकाड्यात अंगमेहनत करणारा माणूस जोरानं श्वास घेतो, त्याबरोबर झायलीनसारख्या द्रावकांची वाफ जास्त आत जाते. त्वचेत रक्त खेळत असतं, घामानं ती ओली असते, म्हणून त्वचेतूनही जास्त शिरते. उंदराला निदान थंड कोपऱ्यात सरकता येतं. पाळी चालू असलेल्या कामगाराला जागा सोडता येत नाही.

डोसबद्दल मात्र तुमच्याशी वाद नाही. सल्फोलेन पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळतं, मातीला फारसं चिकटत नाही, म्हणून सांडलं तर भूजलाबरोबर दूर जातं. अलास्कातल्या नॉर्थ पोल या गावात 2009 मध्ये रिफायनरीबाहेरच्या घरांच्या विहिरींत ते सापडलं. (शुद्ध सल्फोलेन साधारण 27 अंशांखाली गोठतं, थंड खोलीत बाटली उलटी केली तरी हलत नाही, तेच पाण्यात गेलं की दिसेनासं होतं.) अशा विहिरीचं पाणी वर्षानुवर्षं पिणाऱ्या माणसाचं काय होईल, हे एकदाच टोचलेल्या मोठ्या डोसवरून ठरवता येत नाही. त्यासाठी दीर्घकाळचे, लहान डोसचे अभ्यासच लागतात. माझ्या लेखात विहिरींचा उल्लेख या प्रयोगांना अगदी लागून आला होता आणि वाचणाऱ्याला दोन्ही एकच वाटू शकतं. ते परिच्छेद वेगळे केले आहेत.

ऊब देण्याचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून इथे नीट लिहिते. माझं वाक्य संशोधनाच्या प्रयोगांपुरतं होतं: डोस दिलेल्या उंदराला जबरदस्तीनं 37 वर धरून ठेवलं तर त्याचा स्वतःचा प्रतिसाद आपण पुसून टाकतो. घरातल्या कुत्र्या-मांजरानं थिनर चाटलं, गारठलं, तर त्याला थंडीत पडू द्या असा त्याचा अर्थ अजिबात नाही. त्याला ताबडतोब पशुवैद्याकडे न्यावं. ऊब किती द्यायची, कशी द्यायची, हे ते ठरवतील. भुलेतून बाहेर येणाऱ्या प्राण्याला ऊब द्यावीच लागते. माझ्या मोकळ्या लिहिण्यामुळे कोणी दुसरा अर्थ घेतला असता तर ते मला सहन झालं नसतं, म्हणून ही ताकीद आता लेखात सर्वांत वर ठळक अक्षरांत आहे.

राहिला शेवटचा प्रश्न, हे प्रयोग करायचेच कशाला. प्राण्याला पर्याय असेल तर पर्याय वापरावा, संख्या कमी ठेवावी, त्रास कमी करावा, ही तत्त्वं 1959 पासून मांडली गेली आहेत आणि मी ती मानते. पण तापमान सावरणं हे अख्ख्या शरीराचं काम आहे. बशीत वाढवलेल्या पेशीला थंड कोपरा शोधता येत नाही, त्यामुळे हा एक प्रश्न तिच्याकडून सुटत नाही. त्रास कमी करण्याच्या बाबतीत मात्र हीच माहिती कामी येते. बऱ्याच प्रयोगांत प्राण्याचं तापमान ठरावीक आकड्याखाली गेलं की तो वाचणार नाही असं धरून त्याला वेदनामुक्त मरण देतात. त्यामागचा हेतू दयेचा आहे. पण उंदीर त्या आकड्याखाली स्वतः उतरत असेल आणि चार तासांनी स्वतःच वर येणार असेल, तर आपण बरा होणारा प्राणी मारतो. गारठलेला उंदीर पसरून पडला आहे की गोळा होऊन कापतोय, टोचलं तर मान वळवतो की नाही, थंड जागा दिली तर तिकडे जातो का, हे आकड्याबरोबर पाहिलं तर फरक कळतो. तुमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी असे प्रयोग करत असतील तर त्यांना एवढं जरूर सांगा, आणि नोंदवहीत खोलीच्या तापमानाचा रकाना पहिला आखायला सांगा.

तुमच्या प्रतिक्रियेतलं गणित मूळ लेखाच्या शेवटी तुमच्या शब्दांत जोडायची परवानगी हवी होती. नाव द्यायचं की नाही ते तुम्ही सांगाल तसं.